सत्तावीस ऐकले, बहात्तर लिहिले : सोलापुरातील तिसरीच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका खासगी अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, एका शैक्षणिक वर्षात घडलेले हे प्रकरण आहे. शाळा व व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वर्गशिक्षिकेच्या नोंदी, मुलांच्या वह्या आणि वर्गभेटींत पाहिलेले काम यांच्या आधारे हे लेखन केले आहे.

वर्गाचा पट चाळीसच्या आसपास होता. बहुतेक मुलांचे वडील यंत्रमाग कारखान्यांत पाळीने कामाला जातात आणि अनेकांच्या आया घरी विड्या वळतात. निम्म्याहून अधिक मुले घरात तेलुगू बोलतात. काही घरांत कन्नड, तर उरलेल्यांत मराठी आणि दखनी आहे. सोलापूरला हे नवे नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कितीतरी पिढ्या या शहरात गेल्या आणि एकाच गल्लीत तीन-चार भाषा कानावर पडल्या तरी इथल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. शहरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. तरीही या पालकांनी मराठी शाळा निवडली होती आणि ती समजून-उमजून निवडली होती. पुढे कचेरीत, बाजारात, नोकरीत मुलांना मराठीच लागणार, असा त्यांचा हिशेब होता.

वर्गशिक्षिका अनुभवी होत्या. त्यांना तेलुगू येत नव्हते आणि तोवर त्याची अडचणही भासली नव्हती, कारण तिसरीपर्यंत आलेली मुले मराठी बऱ्यापैकी बोलत होती.

अडचण

पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनात गणिताचे गुण घसरले. विशेषतः हातच्याच्या वजाबाकीत वर्गाचा मोठा भाग मागे पडला. मुख्याध्यापकांचे म्हणणे असे पडले की हातचाच पक्का झालेला नाही, तेव्हा दिवाळीनंतर वजाबाकीची उदाहरणे वाढवावीत. तसे झालेही. शिक्षिका रोज काही उदाहरणे फळ्यावर मांडत. मुले ती बऱ्यापैकी सोडवत. पण तोंडी उदाहरण सांगितले की पुन्हा उत्तर चुके.

खरा प्रश्न एका वहीतून समोर आला. शिक्षिकेने फळ्यावर ९० लिहून ‘यातून सत्तावीस वजा करा’ असे तोंडी सांगितले होते. एका मुलीने ९० वजा ७२ अशी मांडणी करून उत्तर १८ लिहिले होते. दशक सुटा करणे, दहातून दोन वजा करणे, उरलेल्या आठ दशकांतून सात काढणे, सगळे बिनचूक होते. चूक वजाबाकीत नव्हतीच, ती संख्या ऐकून लिहिताना झाली होती. मागच्या वह्या काढून पाहिल्यावर अशी उत्तरे बऱ्याच मुलांच्या वहीत सापडली आणि त्या सर्वांवर ‘हातचा’ असा शेरा मारलेला होता.

‘तेलुगू मुलांचा गोंधळ होतो,’ असा निष्कर्ष शिक्षक-खोलीत त्याच दिवशी निघाला. तो सहज सुचणारा होता आणि त्याला आधारही होता. मराठीत २१ ते ९९ या संख्या बोलताना, पूर्ण दशक आणि ‘एकोण’ने सुरू होणाऱ्या संख्या सोडल्या तर, एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. तेलुगूत २७ ला ‘इरवै येडु’ म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि सात नंतर. कन्नडमधील ‘इप्पत्तेळु’चा क्रमही तोच. घरी संख्या ज्या क्रमाने बोलली जाते त्याच क्रमाने लिहिली जाते, आणि शाळेत हा क्रम एकदम उलटतो. पहिला निर्णय इथेच घ्यायचा होता : हा निष्कर्ष गृहीत धरून तेलुगू मुलांचा वेगळा गट करायचा, की आधी तपासायचे?

तपासणी

शिक्षिकेने तपासण्याचे ठरवले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. गणिताच्या तासिकेत थोडा थोडा वेळ काढून, एका वेळी चार-पाच मुलांना जवळ बसवून, चार प्रकारची कामे देण्यात आली : संख्या ऐकून अंकांत लिहिणे, अंक पाहून मराठीत वाचणे, काड्यांचे दशकाचे गठ्ठे व सुट्या काड्या पाहून संख्या लिहिणे, आणि लिहिलेली संख्या पाहून तितके गठ्ठे व सुट्या मांडणे. संख्या मुद्दाम निवडल्या होत्या. २७ व ७२, ३६ व ६३, ४८ व ८४ अशा उलटल्यावर दुसरी संख्या होणाऱ्या जोड्या त्यांत होत्या. ४४ आणि ६६ होत्या, कारण त्या उलटल्या तरी तशाच राहतात; तिथे चूक झाली तर दोष क्रमाचा नसून नावाचा, हे कळते. ३९, ५९, ६९ अशा ‘एकोण’च्या संख्याही होत्या.

उत्तरांबरोबर हाताची हालचालही टिपण्यात आली. मूल आधी कोणता अंक लिहिते आणि डावीकडे जागा सोडते का, हे उत्तरपत्रिकेवर दिसत नाही. ते लिहिताना शेजारी बसूनच पाहावे लागते.

निघालेले चित्र शिक्षक-खोलीतल्या निष्कर्षाशी अर्धेच जुळले. एका मोठ्या गटाला गठ्ठे पाहून संख्या अचूक लिहिता येत होती आणि लिहिलेली संख्या पाहून गठ्ठेही बरोबर मांडता येत होते. त्यांचे स्थानिक किमतीचे आकलन ठीक होते. अडखळत होते ते फक्त ऐकून लिहिताना. या गटात तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले अधिक होती, पण घरी मराठी बोलणारीही थोडी नव्हती. दुसऱ्या, लहान गटाला चारही कामे जड गेली. दोन गठ्ठे आणि सात सुट्या समोर ठेवल्यावरही ही मुले सगळ्या काड्या एकेक मोजू लागत. त्यांना दशक ही कल्पनाच आलेली नव्हती, आणि या गटाचा घरच्या भाषेशी काही संबंध दिसला नाही. आतापर्यंत दोन्ही गटांच्या वह्यांवर एकच शेरा पडत होता.

आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. पन्नासच्या पुढे अनेक संख्यांच्या नावांत दशक सहज ओळखू येत नाही. ‘बावन्न’मध्ये पन्नास ऐकू येत नाही, ‘त्रेसष्ट’मध्ये साठ अर्धवट, आणि ‘त्र्याहत्तर’मध्ये सत्तर कानाला लागत नाही. त्यामुळे ६६ ऐकून ७६ लिहिणारी मुले मराठी घरांतलीही होती. दुसरी गोष्ट ‘एकोण’ची. ‘एकोणसाठ’ ऐकून अनेकांनी ६९ लिहिले. ‘साठ’ ऐकू आले म्हणून सहा दशक, आणि ‘एकोण’ आले की नऊ येतो हे पाठ म्हणून नऊ. चुकीमागे विचार होता. एक कमी साठ, हा अर्थ मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

काही मुले ‘सत्तावीस’ ऐकल्याबरोबर डावीकडे जागा सोडून आधी ७ लिहीत आणि मग तिच्या डावीकडे २ बसवीत. त्यांचे उत्तर बरोबर येई. ही युक्ती कोणी शिकवलेली नव्हती. नाव ज्या क्रमाने ऐकू येते त्याच क्रमाने हात चालवण्याची सोय मुलांनीच शोधून काढली होती. जी मुले जागा न सोडता ७ लिहून पुढे जात, त्यांचेच ७२ होई.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय उजळणीचा, म्हणजे एक ते शंभर संख्या रोज म्हणवून आणि लिहवून घेण्याचा. तो मुख्याध्यापकांना पसंत होता. पण तपासणीत दिसले होते की क्रमाने सांगितल्यास बहुतेक मुले शंभरपर्यंत न चुकता लिहितात आणि क्रम मोडला की अडखळतात. पाठांतरात मागची संख्या पुढचीला ओढत आणते, म्हणून सुटी संख्या ऐकून ओळखण्याची वेळच येत नाही. उजळणी बंद केली नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवायची नाही असे ठरले.

दुसरा पर्याय संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी सुचवला : पुढच्या वर्षीची वाट न पाहता गणित सेमी इंग्रजीतून सुरू करावे, कारण ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हटले की क्रमाचा प्रश्नच मिटतो. यात तथ्य आहे, आणि पटसंख्येच्या काळजीने संस्थांना सेमी इंग्रजी जवळचे वाटते हेही खरे. पण इंग्रजीतही तेरा ते एकोणीस या संख्यांत एककच आधी येतो. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात संख्या मराठीच राहणार. आणि घरची तेलुगू, शाळेची मराठी सांभाळणाऱ्या मुलावर वर्षाच्या मध्यावर गणितासाठी तिसरी भाषा लादली गेली असती. शिक्षिकेने हा पर्याय स्पष्टपणे नाकारला. संस्थेने तो पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला.

तिसरा पर्याय शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेण्याचा. पण आई विड्या वळत असताना धाकट्या भावंडांना सांभाळणे बऱ्याच मुलींकडे असते. ज्यांना गरज सर्वाधिक होती त्याच थांबू शकल्या नसत्या. तो तिथेच सोडून दिला.

उरले दोन. एक, मुलांनीच शोधलेली युक्ती सर्वांना देणे : ‘द’ आणि ‘ए’ अशी दोन घरे आखून, ऐकलेला एकक आधी ‘ए’च्या घरात आणि मग दशक ‘द’च्या घरात लिहिणे. दुसरा, ‘वीस सात’ असे वाचन काही काळ पूल म्हणून वापरणे. या दुसऱ्या पद्धतीला महाराष्ट्रात इतिहास आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्या वेळी या बदलामागची भूमिका मांडली होती. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यानामे जड जातात, असा तिचा आशय होता. वादात अनेकांनी खिल्ली उडवली, पण तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मराठी शाळकरी मुलाचा विचार त्या गदारोळात फारसा कोणी केला नाही. हा वर्ग पाहिल्यावर तो मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो.

केलेली कृती

शिक्षिकेने आधी घरांची युक्ती निवडली. ती मराठी नावांना धक्का लावत नव्हती, तिला कोणाची परवानगी लागत नव्हती आणि ती मुलांच्याच हातून आली होती. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून घरे आखली गेली. दशकाची कल्पना न आलेल्या लहान गटाला त्याच वेळी वेगळे काम दिले : काड्या दहा-दहा मोजून गठ्ठे बांधणे, सोडणे, पुन्हा बांधणे. बांधायला कारखान्यातून टाकाऊ सूत आणले. घरी मुलांनी विड्यांचे कट्टे बांधलेले पाहिलेले असतात, तेव्हा तेच उदाहरण घ्यावे, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली होती. शिक्षिकेने ती मानली नाही. मुलांना त्या कामातून दूर ठेवायचे, तर वर्गात त्याचा सराव कशाला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते योग्यच होते.

दोन अंकी संख्यांत घरांच्या युक्तीने लवकर फरक पडला. पण तीन अंकी संख्या सुरू होताच ती कोलमडली. ‘तीनशे सत्तावीस’ ऐकताना शतक आधी येते, मग एकक, आणि दशक शेवटी. हात डावीकडून सुरू होतो, एकदम उजव्या टोकाला उडी मारतो आणि पुन्हा मध्ये येतो. मुले ३७२ लिहू लागली, आणि काही मुले तर ७२३. पायाभूत साक्षरता व अंकज्ञानासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. दोन घरांवर थांबणे शक्य नव्हते.

इथे दुसरा मोठा निर्णय घ्यावा लागला. शिक्षिकेने ‘वीस सात’ आणले, पण एकटे नाही. खेळ असा : एक मूल चिठ्ठीवरची संख्या आपल्या घरच्या भाषेत म्हणे, दुसरे तीच ‘वीस सात’ अशी फोडून सांगे, तिसरे ‘सत्तावीस’ म्हणे, आणि बाकीचे गठ्ठे मांडून मग लिहीत. तेलुगू संख्या म्हणणारी मुले आतापर्यंत गणितात मागे समजली जात. आता मराठी मुले त्यांच्याकडून ‘मुप्पै आरु’ शिकू लागली. शिक्षिकाही शिकल्या आणि चुकल्या की मुले त्यांना सुधारत. ‘एकोण’च्या संख्यांसाठी संख्यारेषा भिंतीवर लावली, पण त्या कामाला पुरेसा वेळ मिळाला नाही.

‘वीस सात’ घरी पोहोचायला वेळ लागला नाही. पालकसभेत एका आईने उभे राहून विचारले, ‘बाई, बाजारात वीस सात कोण म्हणतंय? आम्ही मराठी शाळेत घातलं ते नीट मराठी यावं म्हणूनच की.’ मागे बसलेल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आक्षेप रास्त होता. शिक्षिकेने त्यावर मानसशास्त्र सांगितले नाही. तिच्याच मुलाची आधीची आणि आताची वही आईसमोर ठेवली, ९० वजा ७२ चे उदाहरण समजावले आणि ‘वीस सात’ हे शेवटी काढून टाकायचे आहे, संक्रांतीपर्यंतच चालेल, असे सांगितले. आईचे समाधान झाले की नाही हे सांगता येणार नाही, पण विरोध तिथे थांबला. मुख्याध्यापकांनीही मुदत ऐकल्यावरच होकार दिला.

परिणाम

मुदत पाळता आली नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. त्या दिवसांत सुट्ट्या आणि रोडावलेली हजेरी यांमुळे सराव तुटला. ‘वीस सात’ मागे घेण्याचे काम फेब्रुवारीवर गेले आणि ते घाईत झाले : एका सोमवारपासून मधली फोड वर्गात म्हणायची नाही, असे जाहीर करण्यात आले. बहुतेक मुलांना ते जमले. काहींना जमले नाही. ती मुले मनात ‘वीस सात’ करून मगच लिहीत, आणि तोंडी उदाहरणात मागे पडत. अचूकता वाढली, वेग कमी झाला.

वर्षाखेरच्या मूल्यमापनात ऐकून लिहिण्यातील उलटापालट पहिल्या मोठ्या गटात बरीच कमी झालेली दिसली, आणि हातच्याच्या वजाबाकीचे गुणही त्याबरोबर वाढले, जरी वजाबाकी वेगळी अशी फारशी शिकवली गेली नव्हती. गठ्ठ्यांवर काम केलेल्या लहान गटातील काही मुले पुढे सरकली, काही नाही. त्यांना एका सत्रापेक्षा अधिक काळ लागणार हे स्पष्ट होते. ‘एकोण’च्या चुका मात्र जवळजवळ तशाच राहिल्या, आणि त्या सर्व भाषांच्या मुलांत सारख्याच होत्या.

एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. आकारिक मूल्यमापनात तोंडी कामाच्या वेळी गप्प बसणारी काही तेलुगू मुले आता बोलू लागली. त्याचे श्रेय ‘वीस सात’ला द्यावे की खेळात त्यांची भाषा आल्याला, हे वेगळे करता येत नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

काय वेगळे करता आले असते

चार कामांची ही तपासणी जूनमध्ये झाली असती तर पहिले सत्र हातच्यावर वाया गेले नसते. तिला साहित्य म्हणून काड्या आणि कागदच लागतात. वेळ लागतो, पण तो वर्गातच काढता येतो. दुसरीच्या शिक्षकांकडे विचारणा झाली नाही, हीही उणीव होती. मुले दुसरीत बालभारतीच्या पुस्तकातून कोणत्या पद्धतीने संख्या वाचायला शिकली, हे तिसरीत कोणाला ठाऊक नव्हते.

घरांची युक्ती आधी आणि ‘वीस सात’ नंतर, हा क्रम उलटा हवा होता का, यावर शाळेत दोन मते आहेत. शिक्षिकेला वाटते की तीन अंकी संख्या डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात केली असती तर घरांवर वेळ घालवला नसता. मला तसे वाटत नाही. घरांमुळे शिक्षिकेला आणि मुलांना क्रमाचा घोळ नेमका कुठे होतो हे दिसले, आणि पालकसभेत दाखवायला वहीही तयार झाली. पण मागे घेण्याची योजना मात्र पूल बांधतानाच आखायला हवी होती : आधी विसाच्या आणि तिसाच्या दशकातली फोड बंद, मग चाळिसाच्या, आणि साठच्या पुढची, जिथे नाव सर्वांत अवघड आहे, सर्वांत शेवटी. एका सोमवारी सगळेच काढून घेतल्याने मागे राहिलेली मुले नेमकी साठ-सत्तरच्या घरातच अडकली होती.

‘एकोण’ला स्वतंत्र विषय समजायला हवे होते. तो उलट्या क्रमाचा प्रश्न नाही. तिथे मुलाला पुढच्या दशकाकडे पाहून एक मागे यावे लागते. त्यातही ८९ ला ‘एकोणनव्वद’ आणि ९९ ला मात्र ‘नव्व्याण्णव’, असा अपवाद आहेच. संख्यारेषेवर पुरेसे दिवस दिले असते तर कदाचित फरक पडला असता.

सेमी इंग्रजीचा प्रस्ताव संस्थेपुढे अजून आहे. त्यावर निर्णय होईल तेव्हा होईल. दरम्यान वर्गशिक्षिकेने चौथीच्या शिक्षकांना प्रत्येक मुलासाठी एक ओळ लिहून दिली आहे : कोणते काम जमते, कोणते नाही, मनात फोड करते का, आणि कोणत्या दशकात अडते. चौथीच्या शिक्षकांनी त्या यादीतून जूनमध्ये पुन्हा तपासायच्या मुलांची नावे वेगळी काढून ठेवली आहेत, आणि या वेळी संख्यांत ५९, ६९ आणि ७९ आधी घ्यायच्या असे ठरले आहे.